मिठाची रास आणि मिठाचा नमुना
(भाईंदर येथे मीठकरी व शेतकरी बांधवांपुढे केलेले भाषण)



शितावरून भाताची परीक्षा, असे आपल्या आयाबहिणी म्हणतात. ते खरेच आहे. कारण एका आधणात, एका आंचेवर सारे तांदूळ सारखे शिजलेले असतात. पण भाईंदरच्या खाडीकाठी पिढ्यान् पिढ्या मिठाच्या राशी लागल्या, त्या अशा एकसारख्या असतात काय? मुळीच नाही. राशीतले कडू पाणी, म्हणजे मॅग्नेशियमच्या क्षारांचे पाणी, झिरपत खाली उतरते. म्हणून माथ्याचे मीठ कोरडे, पायथ्याचे ओले आणि तळाचे चिखलाने माखलेले.

खाण्याच्या मिठात ओलावा शेकडा ६ हून अधिक नसावा आणि कोरड्या वजनावर सोडियम क्लोराईड शेकडा ९६ हून कमी नसावे, असा नियम आहे. आता समजा, माथ्याला ओलावा ३ आणि पायथ्याला ९ आहे. पायथ्याची मूठ गेली तर चांगला माल नापास. माथ्याची गेली तर खराब माल पास! प्रयोगशाळेचा काटा कितीही बारीक असो, तो मुठीचेच वजन सांगणार, राशीचे नव्हे.

मग करावे काय? राशीच्या माथ्यावरून, मध्यावरून, पायथ्यावरून, चोहोबाजूंनी आणि हातभर आतून सारखे सारखे मीठ घ्या. खडे फोडा, नाहीतर जाड मीठ कडेला घरंगळते व बारीक मध्येच राहते. स्वच्छ कापडावर कालवून चपटी भाकर करा, तिचे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन काढून टाका. उरलेले पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग करा. अर्धा किलो उरले की कोरड्या बरणीत घालून ताबडतोब घट्ट झाकण लावा. उघडे मीठ हवेतले पाणी पिते, मग तो ओलावा तुमच्या माथी बसतो. बरणीवर राशीची खूण व तारीख लिहा.

शेतातल्या मातीचेही तसेच. आठदहा ठिकाणची माती घ्या. बांधाजवळची व उकिरड्याची टाळा.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानेही एका बरणीवर भरवसा ठेवलेला नाही. अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो, आणि मालवाल्याने मागितले तर एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. मागणे हा तुमचा हक्क आहे.

बांधवांनो, तराजूकडे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. मूठ उचलताना मात्र पाठ फिरवतो. यापुढे नमुना निघेल तेव्हा राशीपाशी उभे राहा, आणि एक बरणी आपल्या घरी ठेवा.