पैलवानाची दुसरी कुस्ती



भोसरीत येऊन कुस्तीवर व्याख्यान देणे म्हणजे नदीकाठच्या माणसाला पोहण्याचे महत्त्व पटवून देण्यासारखे आहे. भैरवनाथाच्या यात्रेत आखाडा भरला नाही तर यात्रा झाल्यासारखी ज्या गावाला वाटत नाही, २०१३ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा ज्या गावाने भरविली आणि नरसिंग यादवांच्या हाती तिसरी गदा जाताना पाहिली, त्या गावाला आम्ही डाव शिकवावेत, हे हास्यास्पद होईल. आम्हांला आज बोलावयाचे आहे ते डावांविषयी नव्हे. पैलवानाने लंगोट खुंटीला लावल्यानंतर जी दुसरी कुस्ती सुरू होते, तिच्याविषयी.

त्यासाठी आम्ही गणपतराव आंदळकरांचे चरित्र निवडले आहे. सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातील पुनवत या गावी १९३५ साली त्यांचा जन्म झाला. शेतकऱ्याचे पोर कोल्हापुरास आले आणि मोतीबाग तालमीच्या मातीत घडले. तो काळ ध्यानात घ्या. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान उभे केले; पण १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि दरबाराची खुराक आटली. पैलवानांच्या दुधा-तुपाची चिंता आता ज्याची त्याला पडली. अशा दिवसांत १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. मातीत घडलेला माणूस जगात उभा राहू शकतो, हे त्यामुळे उभ्या महाराष्ट्राला कळले.

आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. दोन वर्षांनी जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी एक सुवर्ण आणि एक रौप्य अशी दोन पदके मिळविली. यांतील मर्म समजून घेण्यासारखे आहे. रौप्यपदक मुक्त शैलीचे होते. ती शैली आपल्याला जवळची. सुवर्ण मात्र ग्रीको-रोमन शैलीचे. या शैलीत कमरेखाली हात लावता येत नाही आणि पायाचा वापरही करता येत नाही. म्हणजे एकेरी पट नाही, दुहेरी पट नाही, टांग नाही. ज्या डावांवर आपला पैलवान लहानाचा मोठा होतो, त्यांतले निम्मे डाव बाहेर ठेवून, केवळ छाती, खांदे आणि हात यांच्या बळावर लढावयाचे! अशा कुस्तीत मातीतला गडी पहिला आला. त्याच स्पर्धेत मारुती मान्यांनी मुक्त शैलीत सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेतले. पुढे १९६४ साली आंदळकर टोकियो ऑलिंपिकला गेले, आणि त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

पुष्कळांचे चरित्र येथे संपते. सत्कार होतात, फेटे बांधले जातात, तसबीर भिंतीवर चढते. पैलवानाचे शरीर मात्र तसबिरीसारखे थांबत नाही. पस्तिशीनंतर दम तुटू लागतो आणि खुराकाची सवय मात्र तशीच राहते. ही दुसरी कुस्ती कित्येक नामांकित मल्ल हरले आहेत. आंदळकर ती जिंकले, कारण ते वस्ताद झाले. मोतीबागेत बसून त्यांनी पुढच्या पिढ्या घडविल्या.

वस्तादाचे काम दिसते त्याहून कठीण असते. पैलवानाला समोरचा एक गडी ओळखावा लागतो. वस्तादाला आपल्या आखाड्यातला प्रत्येक पोरगा वेगळा ओळखावा लागतो. कोणाला जोर वाढवून द्यावयाचे, कोणाला आवरावयाचे, कोणाच्या अंगाला ढाक बसतो आणि कोणाच्या अंगाला घिस्सा, हे पुस्तकात लिहिलेले नसते. ही विद्या अंगावरून अंगावर जाते. म्हणूनच एक वस्ताद गेला आणि मागे शिष्य नसला, तर ग्रंथालय जळाल्याइतके नुकसान होते.

आंदळकरांच्या बाबतीत तसे झाले नाही. त्यांचे शिष्य दादू चौगुले १९७० व १९७१ असे लागोपाठ दोन वेळा महाराष्ट्र केसरी झाले, १९७३ साली रुस्तुम-ए-हिंद झाले आणि १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. मग तेही वस्ताद झाले. त्यांचे चिरंजीव विनोद २००० साली हिंदकेसरी झाले. दादूंना २०१८ साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला; त्याच वर्षी सोळा सप्टेंबरला आंदळकर वारले. पुढच्या वर्षी दादूही गेले. पण गुरूने पेटविलेली वात शिष्याने पुढे दिली होती.

आता आपल्याकडे वळू. १९७० साली येथे नगरपालिका आली, शेतांच्या जागी कारखाने उभे राहिले. जो पोरगा पहाटे तालमीत जोर-बैठका मारतो त्याचा बाप कदाचित रात्रपाळी करून घरी येत असतो. त्या घरातून बदाम आणि तूप निघणे सोपे नाही. मातीवर शिकलेल्या पोराला पुढे मॅटवर लढावयाचे आहे. तेथे घड्याळ आहे, गुण आहेत, चितपटीची वाट पाहत बसता येत नाही. हे दोन्ही जाणणारा वस्ताद हवा. मुलीही आता या वाटेने येत आहेत; त्यांना निर्धास्तपणे सराव करता येईल अशी जागा हवी.

यात्रेतल्या इनामासाठी आपण आनंदाने हात सैल सोडतो. ते चुकीचे नाही. परंतु इनाम एका दिवसाचे असते, आणि वस्तादाची चूल तीनशे पासष्ट दिवस पेटावी लागते. आमचे मागणे एवढेच की इनामाच्या प्रत्येक रुपयाबरोबर चार आणे तालमीच्या नावाने बाजूला पडावेत. त्यांतून शिकविणाऱ्याचा चरितार्थ चालावा आणि गरीब पोराचे दूध भागावे. जिंकलेल्या गदा कोणीही मोजतो. ज्या गावाला आपले वस्ताद मोजता येतात आणि पोसता येतात, त्या गावाला गदांची चिंता करावी लागत नाही.