घरची पत्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणीतरी विद्वान बाई बाहेरून येतात आणि आपण ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी ठरवले की, आपल्यापैकीच एकीने बोलावे, आणि माझे नाव पुढे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली. उभे राहून बोलायचे म्हटले की पाय लटपटतात. म्हणून जे सांगायचे ते वहीत लिहून आणले आहे. चुकले माकले तर घरची म्हणून सांभाळून घ्यावे.

विषय आहे घरच्या पत्रांचा. तुम्ही म्हणाल, पत्रे आता कोण लिहितो? पोस्टमन येतो तो बँकेचा कागद घेऊन येतो. खुशाली फोनवर कळते. खरे आहे. म्हणूनच हा विषय घेतला.

माझी मुलगी अमरावतीला शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने मला एका इंग्रज घराण्याची हकीकत सांगितली. इंग्लंडात नॉरफोक नावाचा प्रांत आहे, तिथले हे पॅस्टन घराणे. राजे नव्हेत, सरदारही नव्हेत. आपल्याकडचे शेतीवाडीवाले, वतनदार लोक असतात, तसे. त्यांच्या घरातली १४२२ पासून १५०९ पर्यंतची पत्रे शिल्लक राहिली आणि १७८७ साली प्रथम छापली गेली. त्या घरातली मार्गारेट नावाची सून. नवरा कोर्टकज्ज्यांसाठी लंडनला, आणि ही गावी घर सांभाळणार. तिची शंभराहून अधिक पत्रे आहेत. ती सांगे आणि कारकून किंवा घरातले कोणी लिहून घेई.

१४४८ सालच्या एका पत्राची गोष्ट ऐका. एका बड्या सरदाराने त्यांच्या जमिनीवर हक्क सांगितला होता आणि त्याची माणसे हत्यारे घेऊन जवळच बसली होती. मार्गारेट नवऱ्याला कळवते की, आडवी धनुष्ये विकत घेऊन पाठवा, कारण आपल्या घराच्या खिडक्या इतक्या ठेंगण्या आहेत की त्यांतून लांब धनुष्य चालवता येत नाही. आणि त्याच पत्रात पुढे, एक पौंड बदाम, एक पौंड साखर, आणि मुलांच्या अंगरख्यांसाठी कापड! मला हे ऐकून आधी हसू आले आणि मग वाटले, ही तर आपलीच बाई. दारात शत्रू उभा असला तरी मुलांच्या अंगावर काय घालायचे याचा विचार सुटत नाही.

पण तिची दुसरी बाजूही पत्रांतच आहे. तिच्या मुलीने घरच्या कारभाऱ्याशी लग्न ठरवले. हा १४६९ सालचा प्रकार. मार्गारेटने मुलीला घराचा दरवाजा बंद केला. पुढे म्हातारपणी मृत्युपत्र केले तेव्हा मात्र त्याच मुलीच्या मुलाच्या नावे तिने रक्कम ठेवली. मधल्या वर्षांत त्या आईच्या मनात काय चालले असेल, ते आपण बायकांनीच ओळखावे.

मुलीला मी विचारले, "आपल्याकडे असे काही नाही का गं?" ती म्हणाली, "आई, तूच शोध." मग वाचनालयातून पुस्तके आणून दुपारच्या वेळी वाचू लागले. तेव्हा कळले की आपल्याकडे तर डोंगर आहेत. पुण्याला पेशव्यांचे दप्तर आहे. मोडी लिपीतले कागद, रुमालात बांधलेले. गोविंदराव सरदेसाई यांनी त्यांतले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले, आणि काही खंड तर केवळ पेशव्यांच्या खासगी आयुष्याचे आहेत. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतली पत्रे वाचून १८९७ पासून ती छापायला घेतली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरून, फडताळांतून कागद गोळा केले आणि २२ खंड काढले. ज्या घरांत कागदांची किंमत कळली नाही त्या घरांतले कागद वाळवीने खाल्ले, पावसाने भिजले, नाहीतर पुड्या बांधायला गेले. म्हणजे आपल्या हाती आले ते कोणीतरी जपले म्हणून आले, हे ध्यानात घ्यावे.

त्यांतली एक बाई माझ्या मनात घर करून बसली. गोपिकाबाई पेशवे. वाईच्या रास्त्यांची लेक, नानासाहेब पेशव्यांची पत्नी. थोरला मुलगा विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडला. ती बातमी नानासाहेबांना वाटेत कळली ती एका सावकारी चिठ्ठीतून. माणसांची नावे न घेता मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबात लिहिलेली. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले. दुसरा मुलगा माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेला. तिसरा नारायणराव, त्याचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यातच खून झाला. नवरा गेला, कर्ते मुलगे गेले. बाई नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिली.

नारायणराव गेला तेव्हा सून गंगाबाई गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर तिला मुलगा झाला, तोच सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या लेकराच्या नावे पेशवाईची वस्त्रे आली. १७७७ मध्ये त्याची आईही गेली. बाप पाहिला नाही, आई आठवत नाही, भोवती कारभारी. अशा नातवाला आजीने गंगापुराहून दिवसभर कसे वागावे ते लिहून पाठवले. पहाटे उठावे, स्नानसंध्या करावी, लिहिणे वाचणे करावे, हिशेब शिकावा, शरीर कमवावे, कारभार समजून घ्यावा, वडीलधाऱ्यांशी नम्रतेने वागावे. अशा धर्तीची ती शिकवण आहे.

वाचताना मला प्रथम ते कोरडे वाटले. तीन मुलगे गमावलेली आजी, आणि एका शब्दाने रडत नाही? नातवाला पोटाशी धरण्याचे काही लिहीत नाही? मग एकदा भाकऱ्या थापताना डोक्यात आले की, अगं वेडे, हीच तर माया. आपण फोनवर मुलाला काय विचारतो? जेवलास का, अभ्यास केलास का, गाडी हळू चालव. याच्यापलीकडे आपण तरी काय बोलतो? जिला जवळ राहून अंघोळ घालता येत नाही, ती अंघोळ कर असे लिहून पाठवते. हा नातूही पुढे १७९५ मध्ये एकविसाव्या वर्षी वाड्यातून पडून गेला. आजी १७८८ मध्येच गेली होती. तेवढे एक दुःख तिला पाहावे लागले नाही.

भगिनींनो, आपल्या पत्रांची रीतच अशी बांधलेली होती. आईवडिलांना तीर्थरूप, इतर वडील माणसांना तीर्थस्वरूप, लहानांना चिरंजीव, सवाष्णीला सौभाग्यवती, विधवेला गंगाभागीरथी. मायना वाचला की घरात कोणाचे काय झाले ते कळे. जी काल सौभाग्यवती होती तिला आज पहिल्यांदा गंगाभागीरथी असे पत्र आले की तिच्या काळजाचे काय होत असेल! लग्नाच्या पत्राला हळदकुंकवाची बोटे लागत. मयताचे कार्ड वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. "इकडील सर्व क्षेम" असे आरंभीच लिहीत, मग खाली भले म्हैस मेली, पीक बुडाले, पोर तापाने फणफणते आहे असे का असेना. खरे बोलणे नेहमी शेवटी, कडेच्या कोऱ्या जागेत आडव्या ओळीत लिहिलेले असे. पत्र वाचताना ती आडवी ओळ आधी वाचावी.

आता माझ्या घरचे सांगते. सांगावे की नाही यावर पुष्कळ विचार केला.

माझे माहेर खेड्यातले. शाळा सातवीपर्यंत. मी पहिल्या तिघींत होते. १९९३ सालच्या उन्हाळ्यात सातवी झाली आणि माय म्हणाली, "पुरे झालं आता शिकणं. चूल सांभाळ." मी चार दिवस जेवले नाही. पुढे लग्न झाले, मानोऱ्याला आले, संसार मांडला. परमेश्वराने काही कमी केले नाही. पण मायबद्दलचा तो एक काटा मनात राहिला. माहेरी गेले की कशावरून तरी तिला टोचून बोलत असे. "तू शिकू दिलं असतंस तर" हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवले याची गणती नाही. ती कधी उलट बोलली नाही. सहा वर्षांपूर्वी ती गेली.

गेल्या वर्षी माझ्या मामाचे जुने घर पाडून नवे बांधायला घेतले. मामा आता नाहीत. मामींनी मला बोलावून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा हातात ठेवला. पूर्वी आलेली पत्रे भिंतीवरच्या तारेला ओवून ठेवत, तशी ती तारेसकट डब्यात घातलेली. मामी म्हणाल्या, "तुझ्या मायची असतील तेवढी घेऊन जा."

त्यांत १९९३ सालचे १५ पैशांचे कार्ड होते. मायचे अक्षर वाकडेतिकडे, काना मात्रा नाही. तिने मामाला लिहिले होते की, पोरगी हुशार आहे, तिला तुझ्याकडे ठेवून आठवीला घाल, इकडे घरात कोणी ऐकत नाही. दर महिन्याला ज्वारी आणि डाळ पाठवीन. कापूस वेचणीचे पैसे मी बाजूला ठेवले आहेत, ते पुस्तकांना होतील. आणि कडेला आडवी ओळ होती. पोरीला यातले काही सांगू नको, जमले नाही तर तिचा जीव तुटेल.

मी मामींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "एक खोली आणि आम्ही सातजण होतो गं. तुझे मामा नाही म्हणून लिहून आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत."

मैत्रिणींनो, मायने मामावर राग राहू नये, बाबांवर राग राहू नये, म्हणून तो सगळा राग स्वतःच्या पदरात घेतला आणि जन्मभर माझे टोमणे ऐकले. आता मी कोणाची क्षमा मागू? ते कार्ड त्याच दिवशी मातीत गेले असते तर मी माझ्या मुलीलाही हेच सांगत राहिले असते की, तुझ्या आजीने मला शिकू दिले नाही. म्हणजे एका चांगल्या बाईवरचा खोटा आळ पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला असता.

म्हणून आज माझी तीन मागणी आहेत. पहिली, दिवाळीच्या साफसफाईत जुनी पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा वाचा. दुसरी, मंडळाच्या कपाटात एक डबा ठेवावा. ज्यांना आपली पत्रे द्यावीशी वाटतील त्यांनी द्यावीत, मोडी असतील तर वाचणारा शोधू. मात्र पत्रातली माणसे हयात असतील तर त्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्याला दाखवू नये. घरचे पत्र म्हणजे घरची अब्रू. आणि तिसरी, वर्षातून एकदा तरी आपल्या लेकीला, सुनेला, बहिणीला हाताने पत्र लिहा. आपल्यातल्या बंजारा भगिनी किती सुंदर कशिदा काढतात! तेवढ्याच मन लावून चार ओळी लिहा. अक्षराची लाज बाळगू नका. माझ्या मायच्या अक्षराला काना नव्हता, मात्रा नव्हती, तरी मला सगळे वाचता आले.

जाता जाता एक सांगते. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज असतो, त्याची मी चौकशी केली आहे. सातवी पास बाईला तो भरता येतो. मुलगी म्हणते, "भर, मी शिकवते." गणिताची भीती वाटते. पण वेचणीचे पैसे बाजूला ठेवणाऱ्या मायची मी लेक आहे. तुमच्यापैकी आणखी कोणाला बसायचे असेल तर मला घरी येऊन भेटा. सोबतीने अभ्यास करू.

 मायचे कार्ड आज पिशवीत आणले आहे. ज्यांना पाहायचे त्यांनी चहाच्या वेळी पाहावे, फक्त हात कोरडे असू द्यावेत.