गवत सगळ्यांचं

बुऱ्हाणपूरच्या इतवारा भागातून बाहेर पडलं की शिवारात केळीच केळी. मला आज इथल्या शेतकऱ्यांना हिवरे बाजारची गोष्ट सांगावीशी वाटते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हे दुष्काळी गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं मिळून चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली. डोंगर मोकाट गुरांना बंद. गवत विळ्यानं कापायचं आणि गोठ्यात आणून घालायचं. मुळं शाबूत राहिली, डोंगरावर खोदलेल्या चरांत पाणी मुरलं, चारा वाढला, दूध तर कितीतरी पटीनं वाढलं. ऊस आणि केळी मात्र गावानंच वर्ज्य केली, कारण ही पिकं फार पाणी पितात आणि जमिनीखालचं पाणी गावानं सर्वांचं मानलं. आपण केळी सोडावी असं मी म्हणत नाही. पण गावचं गायरान असं राखता येईल. येत्या पावसाळ्यात तिथे गुरं सोडू नका, विळा घेऊन जा.