फटफटी घेताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी सभासदांपैकी एकीने आपल्या अनुभवाचे चार शब्द सांगावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. लोणच्या-मुरंब्यांपासून काशीयात्रेपर्यंत पुष्कळ विषय येथे होऊन गेले. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव सुचविले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मजजवळ सांगण्यासारखे आहे तरी काय?" त्या म्हणाल्या, "दारात उभी आहे ना ती! तिच्याविषयी सांगा." तेव्हा आज मी माझ्या फटफटीविषयी बोलणार आहे. ज्यांना हा विषय बायकांचा नव्हे असे वाटेल, त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, ही गाडी आपल्याच भिशीच्या पैशांतून आलेली आहे. त्या पैशांचा हिशेब देणे माझे कर्तव्यच आहे.

माझी उंची चार फूट अकरा इंच. शाळा इंदापूर तालुक्यात आणि घर बारामतीत, त्यामुळे रोजचे जाणेयेणे स्कूटरवर. मुले शिकावयास बाहेर गेली आणि मनात आले की, आता सुट्टीत थोडे लांब जावे. पंढरपूर, कोल्हापूर, जमल्यास कोकण. पण एस.टी.च्या वेळांवर नव्हे. वाटले तेथे थांबता येईल असे. घरी बोलले तेव्हा हे म्हणाले, "तुझे पाय तरी टेकतील का?" तेव्हा मला राग आला. पुढे कळले की, सगळ्या विषयात मुख्य प्रश्न तोच होता.

पहिला धडा लायसन्सचा. माझे लायसन्स बिनगियरच्या स्कूटरचे. त्यावर मोटारसायकल चालविता येत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल. मी नव्याने शिकाऊ परवाना काढला, परीक्षा दिली आणि भाच्याच्या शंभर सीसीच्या गाडीवर वर्षभर हात बसविला. मग गाडी शोधू लागले. नवी घेण्याची ऐपत नव्हती. भिशीचे 40 हजार आणि बाजूला टाकलेले 20 हजार, एवढीच पुंजी.

इंदापुरात एका तरुणाकडे प्रवासाची म्हणून नावाजलेली रॉयल एनफील्डची हिमालयन गाडी विकावयाची होती. गाडी देखणी. सपाट जागी बसले तर चवडे जेमतेम टेकत होते. मी मनाला म्हटले, सवय होईल! दोन हजार रुपये इसारही देऊन टाकला. मग ती वळवून आणावयास निघाले. रस्त्याला थोडा उतार, कडेला खडी. हँडल वळलेले असताना मी ब्रेक लावला, उजवा पाय खाली टाकला, तो जमीन लागेचना. गाडी कलली आणि मला घेऊन आडवी झाली. लागले फारसे नाही, पण चहाच्या टपरीवरची दहा माणसे उठून आली आणि त्यांतले एक आजोबा म्हणाले, "लेकी, हे तुझ्या अंगाला जास्त होतंय." ब्रेकचा लिव्हर मोडला होता, त्याचे पैसे दिले, इसारावरही पाणी सोडले. दोष गाडीचा नव्हता, त्या मुलाचाही नव्हता. घरी आले ती कुणाशी न बोलता स्वयंपाकाला लागले. पुढे दोन महिने मी गाडीचे नाव काढले नाही.

त्या काळात एक पुस्तक हाती आले. लंडनची एल्स्पेथ बिअर्ड ही वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी. तिने 1974 सालची, दुसऱ्याने वापरलेली बीएमडब्ल्यू घेतली आणि 1982 साली ती एकटी पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. वाटेत सिडनीस नोकरी करून पैसे मिळविले, सामानाच्या पेट्या स्वतः तयार केल्या, आपल्या देशातूनही गेली आणि 1984 साली घरी परतली. इतके लांब कशास? 2023 साली पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटारसायकलीवर जगप्रवासास निघाल्या. हे वाचून माझी भीती गेली असे नाही. पण लाज मात्र गेली. पडले हे खरे; तर का पडले ते विचारावे, असे मी ठरविले.

विचारले आमच्या आळीतल्या मिस्त्रींना. ते म्हणाले, "बाई, चालवायला काय, कोणबी चालवंल. थांबल्यावर कोण धरंल, ते सांगा." भगिनींनो, सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे. चालती गाडी आपला तोल बव्हंशी आपणच सांभाळते. ओझे होते ते उभ्या गाडीचे. त्यांनी मला भिंतीस पाठ लावून उभे केले, पायांत एक जाड पुस्तक वर सरकवून धरावयास सांगितले आणि तेथून जमिनीपर्यंत माप घेतले. ते भरले 27 इंच. हिमालयनची बैठक 800 मिलिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच! ब्लाउजाचे कापड घेताना आपण माप घेतो; इतकी जड वस्तू घेताना मात्र मी डोळे मिटून इसार दिला होता.

नुसती उंची पाहूनही भागत नाही. बैठक रुंद असेल तर पाय फाकतात आणि कमी पोहोचतात. सीटचा फोम कापून ती खाली आणता येते, पण फार कापली तर तासाभरात कंबर बोलू लागते. मागचे शॉकअॅब्सॉर्बर लहान बसविले तर गाडी वळणावर लवकर घासते आणि स्टँडवर नीट कलत नाही. म्हणून मुळातच बुटकी गाडी शोधावी, हे उत्तम.

दुसरी गाडी बारामतीतच एका दलालाकडे पाहिली. आरशासारखी लखलखीत. मिस्त्रींनी पोहोचताच इंजिनावर हात ठेवला आणि मला खुणावले. इंजिन गरम! गिऱ्हाईक येण्यापूर्वीच गाडी चालू करून ठेवली होती. थंड गाडी पहिल्या झटक्यात कशी सुरू होते, निळा धूर सोडते का, हेच तर पाहावयाचे असते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. मग टायर पाहिले. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. 2313 म्हणजे 2013 सालचा तेविसावा आठवडा. वरून काळा रंग मारला तरी ते आकडे खोटे बोलत नाहीत. हँडलची टोके व लिव्हर एकाच बाजूस घासलेले होते, म्हणजे ती गाडीही माझ्यासारखीच कुठेतरी आडवी झाली होती.

पण खरा घोटाळा कागदांत होता. आर.सी.वर नाव तिसऱ्याच माणसाचे आणि कर्जाचा बोजा तसाच. दलाल म्हणाला, "सह्या करून ठेवल्यात, तुम्ही नुसतं नाव भरा." भगिनींनो, कोऱ्या कागदावरच्या सहीवर कधीही विश्वासू नका. नाव बदलण्यास 29 व 30 क्रमांकाचे नमुने लागतात. कर्ज फिटले असेल तर 35 क्रमांकाचा नमुना आणि कर्ज देणाऱ्याचे पत्र. चासीचा व इंजिनाचा क्रमांक कागदाशी स्वतः ताडून पाहावा. दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, तेही पाहावे. नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपत आली असेल तर पुन्हा तपासणी आणि पुन्हा खर्च. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करावा. मी "विचार करून सांगते" म्हणून उठले. तो म्हणाला, "बाईमाणसाला कशाला एवढ्या चौकश्या?" मी म्हटले, "पैसे बाईमाणसाचेच आहेत ना?" हे वाक्य मी घरून पाठ करून गेले होते, असे मात्र कुणी समजू नये!

तिसरी गाडी निमगाव केतकीस मिळाली. बजाजची अव्हेंजर 220, 2014 सालची. बैठक पहिल्या गाडीहून अडीच-तीन इंच खाली, वजनही पुष्कळ कमी. दोन्ही तळवे टेकले, तेव्हा मला हसूच फुटले. मालक साठीचे, शेतकरी. गुडघ्यांमुळे दोन वर्षे गाडी उभीच होती. त्यांनी विचारण्याआधीच सगळे दोष सांगितले. बॅटरी गेली आहे, पुढच्या फोर्कमधून तेल झिरपते, टायर मूळचेच आहेत. पेट्रोलच्या रबरी नळ्या मिस्त्रींनी पाहिल्या. त्या कडक झाल्या होत्या. आता पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याकडच्या उसापासूनही होते, त्याचा अभिमान जरूर असावा. पण जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनविलेले नसते, म्हणून नळ्या बदलणे भाग होते. बारामती व इंदापूर, दोन्ही तालुके एमएच-42 मध्येच येतात, त्यामुळे कागदांचा खटाटोप सोपा झाला.

गाडी 41 हजारांस ठरली. टायर, बॅटरी, फोर्कची सीले, चेन व नळ्या यांस 11 हजार लागले. म्हणून सांगते, जवळचे सगळे पैसे गाडीतच घालू नका. पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी राखून ठेवा. निघताना त्या घरच्या काकींनी माझी ओटी भरली आणि गाडीलाही हळदकुंकू लाविले. काकांनी मात्र टाकीवरून एकदा हात फिरविला आणि ते आत निघून गेले.

मग पुन्हा शिक्षण. या जुन्या गाडीस एबीएस नाही; सव्वाशे सीसीवरील नव्या गाड्यांस ते 2019 पासून सक्तीचे झाले. म्हणून शाळेच्या मैदानावर रोज अर्धा तास दोन्ही ब्रेक बेताने एकदम लावण्याचा सराव केला. थांबताना हँडल सरळ ठेवावयाचे. डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. उताराकडे तोंड करून गाडी कधी लावावयाची नाही, कारण मागे ओढणे आपल्या ताकदीबाहेरचे. पडलेली गाडी उचलण्यासही मी शिकले. उजवीकडे पडली असेल तर आधी स्टँड उघडावा, गाडी गियरमध्ये ठेवावी, सीटला पाठ टेकून बसावे आणि पायांच्या जोराने मागे मागे सरकत उठावे. कंबरेने उचलू नये. पाण्याची घागर डोक्यावर घेतलेल्या आपल्या आयांना हे कुणी शिकवावे लागले नसते.

गेल्या हंगामात मी पहिल्यांदा पंढरपूरला गेले. काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. तुकोबांच्या पालखीची ही वाट. आता रुंद झाली आहे. पहाटे निघाले होते, ती उसाच्या ट्रॉल्यांच्या भीतीने. मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात भिंतीसारखी पुढे येते आणि रस्त्यावर सांडलेल्या वाढ्यांवरून चाक सरकते. अंधारात मी गाडी चालवीतच नाही. हा नियम मी माझ्यापुरता केला आहे. इंदापुरात त्याच उतारावर, त्याच टपरीसमोर मुद्दाम थांबले. दोन्ही पाय टेकले. चहा घेतला. ते आजोबा नव्हते, याची तेवढी चुटपुट लागली.

भगिनींनो, मोठी गाडी म्हणजे मोठी हिंमत, असे मला एकेकाळी वाटे. आता वाटते, आपल्या मापाचे काय ते ओळखून, त्यासाठी दोन वेळा "नको" म्हणता येणे, यालाही हिंमत लागते. हे फटफटीपुरतेच खरे आहे असे नाही. पण त्या विषयावर बोलण्याचा अधिकार माझ्याहून ज्येष्ठ भगिनींचा आहे.

आपल्या भिशीचा हिशेब येथे पुरा झाला. गाडी बाहेर सावलीत उभी आहे. चहापानानंतर जिला बसून पाहावयाचे असेल, तिने खुशाल बसावे. आधी दोन्ही पाय टेकतात का, तेवढे पाहावे.