बर्फात रुतलेला पाहुणा



रहस्यकथा आपण धावत वाचतो. खून कुणी केला, एवढं कळलं की पुस्तक परत कपाटात. आजची कादंबरी मात्र कान लावून वाचायची आहे. डोरोथी सेयर्स या इंग्लिश लेखिकेची 'द नाइन टेलर्स', १९३४ साली आलेली.

वर्षाची शेवटची संध्याकाळ. पूर्व इंग्लंडमधला फेन्स नावाचा सपाट, पाणथळ मुलूख. लॉर्ड पीटर विम्झी हा हौशी गुप्तहेर आणि त्याचा नोकर बंटर यांची मोटार बर्फाच्या वादळात रस्त्याकडेच्या चरात जाते. पायपीट करत दोघं एका खेड्याशी पोचतात आणि तिथले विसरभोळे पाद्रीबाबा वेनेबल्स त्यांना आपल्या घरी नेतात. शेकोटी, चहा, अगत्य. पण त्याच रात्री चर्चच्या आठ घंटा सलग नऊ तास वाजवायचा गावाचा बेत असतो, आणि वाजवणाऱ्यांपैकी विल थोडे नेमका फ्लूनं आडवा झालेला. पाहुण्याला घंटा वाजवता येते म्हटल्यावर पाद्रीबाबांना आभाळ ठेंगणं होतं! बर्फातून चालून थकलेल्या लॉर्डसाहेबांना मध्यरात्रीपासून सकाळी नऊपर्यंत दोर ओढायचा आहे, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

सेयर्सचे वडील पाद्री होते आणि तिचं बालपण याच मुलखातल्या ब्लंटिशममध्ये गेलं. म्हणून या माणसांना ती हसते ती घरच्या माणसाला हसावं तशी.

आता त्या घंटांविषयी. त्यावर कुठलंही गाणं वाजत नाही. वाजतात ते फक्त क्रम. घरात वेगवेगळ्या नादाचे तीन पेले असतील तर चमच्यानं वाजवून पाहा. एक-दोन-तीन. मग दोन-एक-तीन. दोन-तीन-एक. तीन-दोन-एक. तीन-एक-दोन. एक-तीन-दोन. सहा क्रम झाले, संपले. प्रत्येक वेळी पेला एकच जागा सरकला किंवा होता तिथंच राहिला, आणि एकही क्रम पुन्हा आला नाही. आठ घंटांचे असे ४०,३२० क्रम होतात. त्या रात्री गावकरी १५,८४० वाजवतात. स्वरांचे असेच क्रम बदलत जाण्याला आपल्याकडे मेरुखंड म्हणतात, त्याचं गणित हेच. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात सात स्वरांच्या ५,०४० क्रमांचा हिशेब आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मेरुखंडाच्या अंगानं वाढत जाणारा विलंबित ख्याल ज्यांनी मन लावून ऐकलाय, त्यांना ही कादंबरी लवकर उमगेल असं मला वाटतं.

कारण तिची बांधणीच तशी आहे. आधी गावाचा क्रम आपल्या कानात बसतो. कुणी गेलं की घंटा सांगते: पुरुषासाठी नऊ ठोके, बाईसाठी सहा, मुलासाठी तीन, आणि मग वयाइतके. पाद्रीबाबांचे कागद हरवतात, म्हातारे घंटावाले आपापल्या घंटेचं कौतुक सांगत बसतात. हे सगळं आपण हसत ऐकत असतो. आणि वसंतात एक कबर उघडली जाते, तर तिथं एक देह जास्तीचा निघतो. क्रमात न बसणारा. त्या क्षणी बसणारा धक्का त्या आधीच्या हसण्यातूनच तयार झालेला असतो.

अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४५ साली लिहिलं की घंटांच्या वर्णनाला कंटाळून आपण पानं ओलांडली. मला हे पटत नाही. ती पानं ओलांडली की धक्काही हुकतो.

विनोद आणि पुरावा इथे एकाच ताटात जेवतात. बंटरनं बोटांच्या ठशांसाठी बिअरची एक बाटली जपून ठेवलेली असते. पाद्रीबाबांच्या घरातली मोलकरीण एमिली ती मनापासून पुसून लख्ख करते. एरवी आवाज न चढवणारा बंटर असा काही भडकतो की एमिली रडू लागते. आपण खळखळून हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की एक पुरावा कायमचा गेला.

वाचायला घ्याल तेव्हा एक कराल का? त्या पहिल्या रात्री कोण आजारी पडलं, त्याच्या जागी कोण उभं राहिलं आणि किती तास घंटा वाजल्या, एवढं एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा. शेवटचं प्रकरण संपलं की ती चिठ्ठी काढा. मी पहिल्यांदा तिथे पोचले, तेव्हा पुस्तक न मिटता तशीच मागे, त्या बर्फातल्या संध्याकाळपाशी गेले होते.