बोडीतले मासे आणि पहिले शील
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही राइस मिलमध्ये पोती वाहणारी माणसे. शाळा कमी, वाचन जास्त. आज विषय घेतला आहे माशांचा. कुणी म्हणेल, विहारात मासे कशाला? तर ऐका.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. बांधीत तुडतुडे आले, खोडकिडा आला की फवारणी होते. पाऊस पडला की तेच पाणी बोडीत, मामा तलावात उतरते. त्या तलावावर ढिवर बांधवांची चूल पेटते. आपल्या ताटातला रस्साही तिथलाच. म्हणून कोणते औषध माशाला किती विषारी, हे आधीच तपासले पाहिजे.

ते तपासतात कसे? टाक्यांत औषधाची पाच वेगवेगळी प्रमाणे मिसळतात, एका टाकीत कोरे पाणी ठेवतात. प्रत्येकीत किमान 7 मासे, म्हणजे एका तपासणीला 42 मासे. 96 तास बघायचे. ज्या प्रमाणात निम्मे मासे मरतात, तो आकडा लिहून ठेवायचा. कारखान्याच्या सांडपाण्यालाही आपल्या देशात नियम आहे : त्या पाण्यात 96 तासांनंतर 90 टक्के मासे जगले पाहिजेत.

आता प्रश्न पहिल्या शीलाचा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. तलाव वाचवण्यासाठी काही मासे मारणे ही गरज होती, असे मानू. पण दुसरा मार्ग सापडला, तर ती गरज उरते काय?

मार्ग सापडले आहेत. झेब्राफिश हा आपल्याच देशातल्या ओढ्या-नाल्यांतला पट्ट्यांचा लहान मासा. त्याच्या नुकत्याच फळलेल्या अंड्यांवर औषध तपासायची पद्धत 2013 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाली. अंड्यातल्या जीवाचे हृदय धडधडते काय, शेपटी सुटी होते काय, हे सूक्ष्मदर्शकातून बघतात. 2021 साली त्याही पुढची पद्धत आली. ट्राऊट माशाच्या कल्ल्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवतात, त्यांच्यावर 24 तास औषध ठेवतात आणि किती पेशी जिवंत राहिल्या ते मोजतात. इथे जिवंत मासा लागतच नाही.

पण बंधू-भगिनींनो, नवे आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. तपासून घ्या, हीच तर बुद्धाची शिकवण! धानावरची पुष्कळ कीटकनाशके मज्जातंतूंवर मारा करतात. कल्ल्यातल्या पेशीला मज्जातंतू कुठे? अशा औषधाचे विष ही पद्धत कमी दाखवू शकते. अंड्याच्या पद्धतीतही ही उणीव राहते. म्हणून एकाच तपासणीवर न विसंबता दोन-तीन तपासण्या जोडून निर्णय व्हावा. माशाची दया दाखवून तलावाला विष पाजले, तर ती करुणा नव्हे, ती फसवणूक!

एक गोष्ट घरोघरी सांगा. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. तो रंग उंदरासारख्या सस्तन प्राण्यांवरील विषारीपणावरून ठरतो, माशावरून नाही. रंग सौम्य दिसला म्हणजे बोडी सुरक्षित, असे समजू नका. फवारणीचा पंप बोडीत धुऊ नका. मासे मरून तरंगले तर खाऊ नका, विकू नका. त्याच दिवशी पाणी स्वच्छ बाटलीत भरा, ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा.

1927 साली महाडला बाबासाहेबांनी आपल्याला पाण्याचा हक्क दाखवला. हक्क मिळालेले पाणी निर्विष ठेवणे हे आपले काम आहे. एवढे बोलून आम्ही थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!