विजेची गिटार आणि जोडकाम



हस्तपत्रकावर आमच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ज्या माणसाने या गावात फाटकसभेखेरीज दुसरी सभा केली नाही, बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी यांवाचून ज्याच्या तोंडी शब्द नाही, तो विजेच्या गिटारीवर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्हाला गाणे कळत नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीतल्या एका कपाटातून आणि लोकांच्या तोंडून. पण गेल्या वर्षी आम्ही आणि आमच्या बहिणीच्या मुलाने मिळून एक गिटार जोडली, आणि त्या खटपटीत आमच्या हातून बारा वर्षांपूर्वी झालेली एक चूक उघडी पडली. ती सांगायची म्हणून इथे उभे आहोत. मात्र आधी गिटार.

गेल्या वैशाखात भाच्याने एक खोके घरपोच मागवले. आत लाकडाचे कोरलेले धड, मेपल लाकडाची मान, मानेवर शिसवी पट्टी आणि तिच्यात ठोकलेले बावीस पडदे, सहा खुंट्या, एक घोडी, चुंबकावर गुंडाळलेली तारेची दोन वेटोळी, मूठभर स्क्रू आणि इंग्रजीत छापलेला एक कागद. म्हणजे सगळे तयारच. आम्ही म्हणालो, "दोन रविवारांचे काम." भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त पेचकस फिरवा." ते दोन रविवारांचे काम दिवाळीला संपले.

असे सुटे भाग खोक्यात भरून विकता येतात, याला एक माणूस कारण आहे. लिओ फेंडर त्याचे नाव. अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्याचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे ऐकून आमचा जीव भांड्यात पडला. जुने कारागीर गिटारीची मान धडात सांधा करून सरसाने चिकटवीत. फेंडरने १९५० साली भरीव लाकडाची जी गिटार बाजारात आणली, तिची मान चार स्क्रूंनी आवळलेली होती. मान बिघडली की काढा, दुसरी लावा. त्यात ग्राहकाची सोय होती, तशी कारखान्याचीही होती. कारण आता मान एकाने, धड दुसऱ्याने, वेटोळे तिसऱ्याने करावे आणि चौथ्याने ते जुळवावे, हे सोपे झाले. आमच्या भाच्याचे खोके म्हणजे त्या चार स्क्रूंचे नातवंड.

आता खोक्यात काय नसते ते सांगतो. वैशाखातला मौद्याचा उन्हाळा आपल्याला सांगायला नको. आठ दिवसांत मानेचे लाकूड आटले आणि पडद्यांची टोके दोन्ही बाजूंनी बाहेर आली. हात फिरवला की करवतीवरून फिरवल्यासारखे वाटे. लाकूड आटते, धातू आटत नाही. खोके भरणाऱ्याला विदर्भ ठाऊक नसतो. बारीक कानशीने चव्वेचाळीस टोके घासली. मग तारा चढवल्या. सहा तारांचा मिळून ताण सुमारे पंचेचाळीस किलो, म्हणजे जवळजवळ सिमेंटच्या एका पोत्याइतका. तो सोसावा म्हणून मानेच्या पोटात एक लोखंडी सळई असते आणि तिचा पेच फिरवून मानेचा बाक कमीजास्त करता येतो. पाव फेरा फिरवायचा आणि एक दिवस थांबायचे. आम्ही उतावीळपणे एक पूर्ण फेरा दिला आणि मान उलटी वाकली. ती जागेवर यायला आठवडा गेला. धड आणि मान यांच्या सांध्यात किंचित उतार कमी पडत होता, तिथे एका लग्नपत्रिकेचा जाड तुकडा कापून घातला. पत्रिका कोणाची होती ते सांगत नाही. ते गृहस्थ सभेला आले आहेत.

तरीही तारा खणखणत. बावीस पडद्यांपैकी एखादा केसभर उंच असला तरी तार त्याला घासते. उपाय असा: सगळ्या पडद्यांच्या माथ्यावर काळी शाई लावायची आणि त्यांवरून सपाट दगड हलक्या हाताने फिरवायचा. जिथली शाई आधी उडेल तो पडदा उंच. सगळ्यांची शाई सारखी उडेपर्यंत घासायचे आणि मग प्रत्येक पडद्याला कानशीने पुन्हा गोलाई आणायची. हे वाचायला दहा ओळी लागतात. आम्हाला आषाढ लागला.

हे करताना मिरजेची आठवण झाली. संघटनेच्या कामाने आम्ही त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा तंबोऱ्याचे काम पाहिले होते. मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचा काळ सरला आणि तेच हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. भोपळा मंगळवेढ्याकडचा, लाकूड बाहेरून आणलेले. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण भोपळा, दांडी, खुंट्या सगळे जुळले तरी तंबोरा बोलत नाही. शेवटी जवारी काढावी लागते. घोडीचा माथा इतका नेमका घासायचा की तार त्याला पुसटशी लागत राहावी आणि तिच्यातून तो भरलेला झंकार उठावा. गंमत पाहा, तंबोऱ्याच्या कारागिराला तार घासायला हवी असते आणि गिटारीच्या कारागिराला मुळीच नको असते. कानस दोघांचीही सारखीच बारीक चालते. आणि जवारीच्या कारागिराला मिरजेत कोणी "शेवटचा हात फिरवणारा" म्हणून कमी लेखत नाही. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. पाहून परत आलो आणि विसरलो.

रंगाचे थोडक्यात सांगतो. भाच्याला लाल चकचकीत फवाऱ्याचा रंग हवा होता. आम्ही हट्टाने चपडी लाख आणली, स्पिरिटमध्ये विरघळवली आणि कापडाच्या बोळ्याने पॉलिश सुरू केले. भंडारा-गोंदियाकडची लाख एके काळी दूरदूर जात असे. तिची पुटे आपल्याच तालुक्यात एका गिटारीला चढावीत, एवढाच आमचा स्वाभिमान. तो श्रावणाने उतरवला. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक आली. सगळे खरवडून पॉलिशपेपर मारला आणि दसऱ्यानंतर कोरड्या हवेत पुन्हा पहिल्यापासून बसलो. त्या वेळी भाचा एक शब्द बोलला नाही, याबद्दल त्याचे आभार.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. विजेच्या गिटारीचा आवाज लाकडाच्या पोटातून येत नाही, तो वेटोळ्यातून येतो. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्यातली हालचाल वीज निर्माण करते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखवले. आपल्या औष्णिक केंद्रात तेच चालते: वाफेच्या जोरावर अजस्र चुंबक वेटोळ्यात फिरतो. गिटारीत चुंबक स्थिर असतो, पोलादी तार त्याच्यापुढे थरथरते, आणि वेटोळ्यात विजेची इवलीशी लाट उठते. वेटोळ्याची तार माणसाच्या केसाहून बारीक, आणि तिचे सात-आठ हजार फेरे.

आमच्या दोन वेटोळ्यांपैकी एक मुके निघाले. मीटर लावला तर काटा हलेना. भाचा म्हणाला, नवे मागवू. आम्ही ते रुमालात बांधले आणि एका बाईंच्या घरी गेलो. त्या आमच्या सभासद. हिंगण्याकडच्या एका कारखान्यात त्यांनी वीस वर्षे मोटारींची आणि लहान ट्रान्सफॉर्मरांची वेटोळी गुंडाळली आहेत. चहा ठेवायच्या आधीच त्यांनी भिंग लावून पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, तार आतून नाही तुटली. झाळतानी जास्त तापवून राहिले होते, तिथंच जळली." बाहेरचे दहाबारा फेरे उलगडले, तारेवरचा लेप नखाने नव्हे, कापसाच्या बोळ्याने उतरवला, टोकाला कथील धरले आणि झाळले. मीटर बोलू लागला. आम्ही म्हणालो, आम्हाला करून पाहू द्या. त्यांनी तशीच तार दिली. वीस मिनिटांत आम्ही ती सहा वेळा तोडली, एकदाही भोकात ओवली गेली नाही.

आता चूक. बारा वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात वेतनाचा करार झाला, तेव्हा वेटोळी करणाऱ्या बायकांचा वर्ग ठरवायचा होता. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की तार तयार येते, रीळ तयार येते, फेरे यंत्र मोजते. बाई फक्त जोडते. म्हणून वर्ग अर्धकुशल. त्या दिवशी बोनसची टक्केवारी आणि उपाहारगृह आमच्या पदरात पडले होते. हा मुद्दा ताणला तर ते दोन्ही जाईल असे आम्हाला वाटले, आणि आम्ही सही केली. याच बाई तेव्हा समितीवर होत्या. त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "एक दिवस माझ्या जागी बसून पाहा ना, भाऊ." आम्ही बसलो नाही. पुढे करार तीनदा नवा झाला. दर वाढले, वर्ग तोच राहिला. कारण "फक्त जोडते" हे वाक्य आम्ही स्वतःही खरे मानले होते. खोके उघडून "दोन रविवारांचे काम" म्हणणारा माणूस आणि तो सही करणारा माणूस एकच.

त्या संध्याकाळी आम्ही बाईंना फेंडरच्या कारखान्यातल्या ॲबिगेल इबारा यांची हकीकत सांगितली. त्या १९५६ साली तिथे लागल्या आणि आयुष्यभर वेटोळी गुंडाळीत राहिल्या. आज त्यांच्या हातची वेटोळी लोक नाव विचारून जास्त पैशाने घेतात. बाईंनी विचारले, "त्यांचं नाव लिहून ठेवत असतील तिथं?" आम्ही हो म्हणालो. त्या हसल्या. "आमच्याकडंही लिहितात. नापास झालेलं वेटोळं कोणाचं, तेवढं लिहितात."

करार या वर्षी पुन्हा संपतो आहे. मागण्यांच्या मसुद्यात पहिले कलम वर्गाचे घातले आहे, बोनसच्या आधी. काही सहकाऱ्यांना ते पटलेले नाही. बोनस सगळ्यांचा, वर्ग अकरा बायकांचा, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. या वेळी बोलणीला जाताना आम्ही रीळ, तार आणि भिंग बरोबर नेणार आहोत. टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांनी एकदा ओवून पाहावे.

गिटार पुरी झाली आणि ध्वनिवर्धकाला जोडली तेव्हा गाण्याऐवजी नुसता घुंऽऽ असा आवाज आला. घोडीखालून जाणारी अर्थिंगची तार आम्ही विसरलो होतो. तो गुंजारव ऐकून औष्णिक केंद्रातले एक फिटर म्हणाले, "हे तर आमचं जनित्र!" खरेच आहे. जनित्र मिनिटाला तीन हजार फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पन्नास. विजेचे आवर्तन तेच, आणि जवळपासची प्रत्येक उघडी तार ते उचलते. अर्थिंग जोडल्यावर आवाज बसला.

शेवटचे चार स्क्रू आवळण्यापूर्वी भाच्याने एक काम केले. फेंडरकडे तादेओ गोमेझ नावाचा कामगार होता; तो मान घडवून झाली की तिच्या बुडाशी, सांध्यात झाकल्या जाणाऱ्या जागी, पेन्सिलीने आपली आद्याक्षरे आणि तारीख लिही. भाच्याने तिथेच तीन नावे लिहिली. बाईंचे पहिले लिहिले, मग आपले, मग आमचे. वर लग्नपत्रिकेचा तुकडा आहेच.

तो गिटार घेऊन मागे बसला आहे. ध्वनिवर्धक लावायला दोन मिनिटे लागतील. मंडपाच्या विजेला अर्थिंग आहे की नाही, तेवढे व्यवस्थापक मंडळींनी पाहून सांगावे.